अळणी संकल्प

देवाजवळ काही मागायचे तर आधी आपला ठावठिकाणा सांगावा लागतो. मी कोण, कोणत्या गोत्राचा, आज कोणती तिथी, कोणत्या नदीच्या कोणत्या काठी मी उभा आहे, हे सारे स्पष्ट उच्चारावे आणि मगच पळीभर पाणी ताम्हनात सोडावे. याला संकल्प म्हणतात. भगवंताला आपला पत्ता ठाऊक नसतो असे मुळीच नाही. आपल्याला तो ठाऊक आहे की नाही, एवढे मात्र त्या कनवाळूला रोज एकदा आपल्याच तोंडून ऐकायचे असते.

जबलपूरच्या श्रीरंगकाकांनी ही परीक्षा जन्मभर रोज सकाळी दिली. नोकरीत असताना ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात मापनिरीक्षक होते. यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग मापात बसतो की नाही ते पाहायचे आणि न बसला तर बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर भाग राहिले नाहीत, तेव्हा ते दिवस मोजू लागले. महाराजपूरच्या दत्तमंदिराच्या ओसरीत एक काळा फळा आहे. त्यावर शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार लिहिण्याची सेवा काकांची. अक्षर असे की गणपतीत आलेल्या कीर्तनकारबुवांनी एकदा आधी फळ्याला नमस्कार केला आणि मग दत्तांना. इंग्रजी तारखेला काकांच्या लेखी पेन्शनपुरती किंमत होती. कीर्तनात ते बुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहत, आणि बुवांनी निरूपणात एखादी तिथी चुकीची सांगितली, तर तेवढ्यापुरती झांज थांबे. बुवा समजून घेत.

काकांचा दुसरा लौकिक चातुर्मासाचा. आषाढी एकादशीला ते काहीतरी सोडत आणि कार्तिकीला परत धरत. ज्या वर्षी चहा सोडला, त्या वर्षी घरात कोणाच्याही घशाखाली चहा सुखाने उतरला नाही. कारण काका समोर बसून, हात जोडून, घ्या घ्या, माझी काही हरकत नाही, असे म्हणत प्रत्येक घोटाकडे पाहत राहत. ज्या वर्षी वांगे सोडले, त्या वर्षी कुंदाकाकूंनी तो त्याग जागच्या जागी नामंजूर केला, कारण वांगे काकांना मुळातच आवडत नव्हते. एका वर्षी त्यांनी राग सोडला. ते चार महिने काकू अजून विसरलेल्या नाहीत.

यंदा त्यांनी मीठ सोडले, आणि त्यामागचा हिशेब अगदी त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. रक्तदाब वाढला म्हणून दवाखान्यातून एक नवी गोळी मिळाली होती आणि मीठ कमी करा असा सल्लाही. काकांनी विचार केला की कमी करायचेच आहे, तर संपूर्णच सोडावे आणि देवाच्या पायाशी सोडावे. औषधही घडेल, व्रतही घडेल. एकाच खेपेत दोन कामे. काकूंनी मुकाट्याने वेगळ्या पातेल्यात अळणी वरण शिजवायला घेतले. काका ते अमृत म्हणून जेवत, चेहरा मात्र एरंडेल घेतल्यासारखा होई, आणि तोंडाला चव नाही म्हणून वरून तांब्यावर तांब्या पाणी रिचवत.

नवमीच्या सकाळी काका फळा लिहायला गेले. फळा पुसून झाला, खडू हातात घेतला, ते लाकडी पाटावर चढले आणि तिथूनच खाली आले. ओसरीत त्या वेळी शालिग्राम होता. गोहलपुरात त्याचे गाड्या दुरुस्तीचे वर्कशॉप आहे, घर मात्र काकांच्या भिंतीला भिंत लावून. तो महादेवासाठी बेलपत्र घेऊन निघाला होता. बेलपत्र दत्तांना वाहून त्याने काकांना उचलले, आपल्या गाडीत घातले, काकूंना गोळ्यांच्या पिशवीसह वाटेत घेतले आणि थेट इस्पितळाचा इमर्जन्सी विभाग गाठला. वाटभर काकांनी एकच वाक्य म्हटले, पुन्हा पुन्हा म्हटले: "मला काही झालेलं नाही." उजव्या मुठीत खडू तसाच होता.

काकूंना भीती होती, पण ती नुसत्या पडण्याची नव्हती. त्यांचा मुलगा अमेय हैदराबादला असतो. मुलगा गुणाचा, काळजी करणारा, आणि काळजीपोटी हट्टाला पेटणारा. मागच्या खेपेला गॅस सुरू राहिलेला त्याने पाहिला तेव्हाच बजावून ठेवले होते की, बाबांचे डोके थकले असे एखाद्या डॉक्टरने एकदा जरी म्हटले, तर इथल्या घराला कुलूप आणि तुम्ही दोघे माझ्याकडे. त्याचा फ्लॅट काकूंनी पाहिला होता. फार उंच, फार स्वच्छ, आणि कुठेही फळा नाही. त्या गॅलरीत हातात खडू घेऊन उभे असलेले आपले यजमान त्यांना डोळ्यांपुढे दिसत, आणि त्या घाईघाईने दुसरे काहीतरी आठवत.

इमर्जन्सीतले डॉक्टर अनुपम वयाने लहान आणि बोलण्याने मऊ होते. म्हाताऱ्या माणसाचा आजार वेष पालटून येतो, असे त्यांनी काकूंना हिंदीत समजावले. हृदयाचे दुखणे छातीत न दुखता येते, तापाशिवाय जंतुसंसर्ग येतो, आणि पडणे हा आजार नसून आजाराने पाठवलेला निरोप असतो. म्हणून त्यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत सारे पाहिले. डोक्याला टेंगूळ, मनगट शाबूत, खुब्याचे हाड शाबूत. रक्तदाब निजवून घेतला आणि बसवूनही घेतला. हृदयाचा आलेख काढला, डोक्याचे स्कॅन केले, रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवले. दुखते का, गरगरते का, छातीत भरून येते का, या प्रत्येक प्रश्नाला काकांचे उत्तर एकच होते: कुछ नहीं हुआ.

मग डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. म्हाताऱ्या रुग्णाचे भान तपासायचे काही साधे प्रश्न असतात, ते त्यांनी विचारायला घेतले.

"दादाजी, ये कौन सा साल चल रहा है?"

"उन्नीस सौ सैंतालीस," काकांनी तत्काळ सांगितले.

डॉक्टरांचे पेन थांबले. "महीना?"

"आषाढ."

पलंगाच्या पायाशी उभ्या शालिग्रामला आता राहवेना. दरवर्षी या पंधरवड्यात दोघांचे हेच भांडण असते. पौर्णिमा झाली की शालिग्रामकडे नवा महिना लागतो, आणि काकांकडे तो अमावास्येपर्यंत लागत नाही. "ये तो गलत है डॉक्टर साहब," तो कळवळून म्हणाला. "सावन लग चुका. मैं काकाजी को बरसों से समझा रहा हूँ."

डॉक्टरांनी ऋतू विचारला. काका म्हणाले, ग्रीष्म. बाहेर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की डॉक्टरांना प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारावा लागला, आणि काकांनीही तितक्याच मोठ्याने ग्रीष्म म्हटले. आता तुम्ही कुठे आहात, असे विचारल्यावर उत्तर आले: रेवा के उत्तर तट पर.

डॉक्टरांनी अतिशय हळुवारपणे, लहान मुलाला विचारावे तसे विचारले, "दादाजी, देश आज़ाद हो गया?"

काकांनी त्या तरुणाकडे मोठ्या करुणेने पाहिले. मग काकूंकडे मान कलती करून मराठीत म्हणाले, "अगं, पोरगा गुणी आहे, पण याला काही तरी झालं आहे. देश स्वतंत्र झाला का, विचारून राहिला. याच्या घरच्यांना कळवा कोणी."

काकूंना हसूही आले आणि रडूही, आणि त्याच क्षणी अमेयचा फोन आला. शालिग्रामने त्याला आधीच कळवले होते. डॉक्टर त्याच्याशी खरे तेच बोलले: वडिलांना वर्ष, महिना, जागा सांगता येत नाही, स्मरणशक्तीचा आजार असू शकतो. मग फोन काकूंच्या कानाला लागला. अमेय म्हणाला की आई, आता बास, मी येतो आणि दोघांना घेऊन जातो. काकूंनी बरं म्हटले. दुसरे काय म्हणणार? ते दोन अक्षरी उत्तर त्यांना अळणी वरणाच्या घासासारखे लागले.

पण माउलीची कृपा कोणत्या रूपाने येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी ती निळ्या गणवेशात आली. पलंगाशी काकांची नाडी मोजणारी नर्स प्रणोती मराठी घरातली होती. मराठी तिला कळते सारी, बोलताना मात्र हिंदी मदतीला धावते. गणपती बसवताना आजोबांचा संकल्प तिने लहानपणी कितीदा ऐकला होता. ती म्हणाली, "सर, आप ईसवी पूछ रहे हैं, ये शके बता रहे हैं. हमारे घर में पूजा में यही बोलते हैं." तिने मोबाइलवर पंचांग उघडून दाखवले. शके १९४७, बरोबर. आषाढ, बरोबर. पंचांगाच्या रीतीने आषाढात ग्रीष्म, बरोबर. रेवा म्हणजे नर्मदा, आणि जबलपूर शहर तिच्या उत्तर तीरावर नाही तर कुठे आहे?

डॉक्टर अनुपम मनापासून हसले. काकांच्या पायाला हात लावून त्यांनी माफी मागितली आणि म्हणाले की मग पूर्णच ऐकवा, आम्हालाही कळू दे आम्ही कुठे आहोत. काकांनी डोळे मिटले. खणखणीत आवाजात शके निघाले, विश्वावसु संवत्सर निघाले, दक्षिणायन, ग्रीष्म, आषाढ, कृष्ण पक्ष, तिथी, वार, रेवेचा उत्तर तीर, कौशिक गोत्र, श्रीरंग नाव. त्या विभागात, जिथे एरवी यंत्रांची टिकटिक आणि नातेवाइकांची कुजबुज एवढेच ऐकू येते, तिथे क्षणभर देवघर उभे राहिले. शेजारच्या ट्रॉलीवरच्या एका बाईंनी सलाइन लावलेला हात कपाळाला लावला. शालिग्रामने सावन-आषाढाचा वाद बाजूला ठेवून मान डोलावली.

झाले. हाड शाबूत, स्कॅन शाबूत, हृदय शाबूत, आणि बुद्धी तर शास्त्रशुद्ध. डॉक्टरांनी अमेयला स्वतः फोन करून आपली चूक सांगितली. तिकडून त्याचे हसणे काकूंनाही ऐकू आले. घरी न्या, रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळी येऊन घ्या, असे ठरले. शालिग्राम गाडी दाराशी आणायला धावला.

सगळे आनंदात होते. कुंदाकाकू तेवढ्या उठल्या नाहीत.

कारण काकांनी सप्तमी म्हटले होते. गुरुवासर म्हटले होते. त्या संस्कृतच्या ओघात ते कोणाच्याही कानाला टोचले नाही. प्रणोतीने वर्ष-महिना पाहिला आणि आनंदात पुढचे पाहायचे राहिले. पण काकूंनी तो संकल्प जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकला होता. आज शनिवार, आज नवमी. हा माणूस दोन दिवस मागे राहिला होता. आणि आता त्यांना बाकीचेही आठवू लागले: परवा त्यांनी चहा तुळशीला घातला, काल झांज कुठे आहे म्हणून दोनदा विचारले आणि ती हातातच होती.

गप्प बसावे, तर काका आत्ता घरी. फळा, खडू, ओसरी, सारे जिथल्या तिथे. बोलावे, तर हैदराबाद. काकूंनी पदर तोंडाला लावला. दत्तमहाराजांना त्यांनी मनात विचारले की तुम्हीच सांगा. मग काकूंची नजर त्या मुठीवर गेली. खडू होता, पण मूठ सैल पडत होती, आणि काकांचे डोळे पुन्हा मिटू लागले होते.

"डॉक्टर साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. "हे चुकले. आज नवमी आहे. यांनी सप्तमी सांगितली."

डॉक्टर हसून म्हणाले की माताजी, दोन दिवसांचा फरक तर मलाही पडतो, ड्यूटी लागली की मला वार आठवत नाही.

"तुम्ही विसराल जी, मी विसरेन," काकू म्हणाल्या, आणि पुढचे त्यांच्या तोंडून हिंदी-मराठी एकत्रच बाहेर पडले. "हमारी शादी में इन्होंने मंगलाष्टक रुकवाके भटजी की तिथि सुधारी थी. बायकोचं नाव विसरतील हे, तिथी नाही विसरत. परवापासून माझा माणूस जागेवर नाही."

डॉक्टर अनुपमांचे हसू विरले. त्यांनी हातातला सुटीचा कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा खुर्ची ओढून बसले. या वेळी काकांसमोर नाही, काकूंसमोर. परवाच्या आधी हे अगदी ठीक होते का, दिवसातून कधी जास्त कधी कमी होते का, झोप कशी आहे, असे त्यांनी एकेक विचारले. काकू सांगत गेल्या. शेवटी ते म्हणाले, "माताजी, मशीनें मुझे सिर्फ़ आज का आदमी दिखाती हैं. परसों वाला आदमी आपके पास है. मुझे वही चाहिए था."

आणि त्यांनी काकूंना जे सांगितले, त्याने त्यांच्या जिवात जीव आला. वर्षानुवर्षे हळूहळू झिजते ती स्मृती निराळी. दोन दिवसांत जी घसरते, तिच्यामागे बहुधा काही कारण असते, आणि कारण सापडले तर ती बरेचदा परत येते. त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून रिपोर्टची घाई लावली. मग गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतली, नवी गोळी हातात धरली आणि विचारले की ही कधीपासून? अलीकडे आणखी काय नवे खातात? काही नाही, काकू म्हणाल्या. डॉक्टर थबकले, आणि त्यांना तो प्रश्न सुचला जो सकाळपासून कोणालाच सुचला नव्हता.

"और छोड़ा क्या है?"

काकू ओशाळल्या. "मीठ."

"कम किया?"

"कम नाही. सोडलं. देवाला."

डॉक्टरांनी वर छताकडे पाहिले. तिकडे पंखा होता, पण पाहण्याचा रोख त्याच्याही पलीकडे होता. गोळी लघवीवाटे मीठ काढीत होती, व्रत वरून मीठ घालू देत नव्हते, आणि उरलेसुरले ते तांब्यावर तांब्या पाणी पातळ करीत होते. रिपोर्ट आला तो तेच सांगत आला. रक्तातले मीठ इतके उतरले होते की काका सप्तमीपर्यंत तरी पोहोचले याचेच डॉक्टरांना नवल वाटले. गोळी बंद, पाणी मोजून, आणि शिरेतून मीठ द्यायचे, तेही सावकाश. घाईने चढवले तर अपाय होतो. प्रणोती सुई घेऊन आली.

एवढा वेळ गुंगीत असलेल्या काकांच्या कानात बाकी काही शिरले नव्हते. 'नमक' तेवढे शिरले. त्यांनी हात छातीशी ओढून घेतला. कार्तिकीपर्यंत नाही, म्हणाले. डॉक्टरांनी समजावले, प्रणोतीने विनवले. शालिग्राम गाडी लावून परत आला होता. त्याने तुमच्या वाटचे मीठ मी सोडतो म्हणून शपथ घेतली, आणि खिशातली शेवेची पुडी घाईने आत ढकलली. काका ढळेनात. मापात न बसणारा भाग पुढे सोडायचा नाही, ही आयुष्यभराची शिस्त.

तेव्हा काकू पुढे झाल्या. "अहो, संकल्पात काय म्हटलं होतं? नीट आठवा."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मीठ खाणार नाही."

"खाणार नाही म्हटलं ना? खाणं जिभेचं असतं की शिरेचं?"

काकांनी डोळे मिटले. त्या गोंधळलेल्या मेंदूत कुठेतरी जुना मापनिरीक्षक जागा होता. त्याने तो शब्द उचलला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला.

"जिभेचं," ते म्हणाले. "मापात बसतं." आणि हात पुढे केला. तो उघडला तेव्हा खडू आपोआप काकूंच्या ओंजळीत पडला.

थेंब थेंब मीठ गेले, आणि थेंब थेंब श्रीरंगकाका परत आले. सोमवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले, खिडकीकडे पाहिले आणि दरडावून विचारले, "आज एकादशी. माझे मधले दोन दिवस कोणी खाल्ले?" शालिग्राम प्रसाद घेऊन उभा होता; तो म्हणाला की एकादशी तर आहेच काकाजी, पण सावनचा सोमवारही आहे. काका उठून बसले. आषाढाचा सोमवार, ते म्हणाले, आणि मग दोघांचे असे जुंपले की शेजारच्या ट्रॉलीवरून तक्रार आली. त्याच वेळी, डॉक्टरांनी रिपोर्ट कळवल्यावर निघालेला अमेय विमानतळावरून सरळ तिथे पोहोचला. तो दारातच उभा राहून ते भांडण ऐकत राहिला. डॉक्टर अनुपम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की औषध लागू पडले आहे, ऐकताय ना?

अमेय आठवडाभर राहिला. जाताना कुलूप त्याने विकत घेतले खरे, पण ते गॅसच्या शेगडीला लावता येईल का याची चौकशी करून तो एकटाच परत गेला.

राहिला प्रश्न व्रताचा. तो इस्पितळातून निघण्याआधीच उभा राहिला होता. मीठ आता जिभेवरूनही जायला हवे होते, आणि देवाला दिलेले परत मागायचे तर बदली काही द्यावे लागते. काकांनी साखर सुचवली, झोप सुचवली, शालिग्रामशी बोलणे सुचवले. काकूंनी सारे नामंजूर केले. पाटावरून पडण्याआधी दोन दिवस यांना गरगरत होते आणि यांनी चकार शब्द काढला नव्हता, हे त्यांना आता कळले होते. त्या म्हणाल्या, "एकच सोडा. 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य सोडा."

काकांनी ते वाक्य बराच वेळ उलटसुलट तपासले. चहा सोडला तेव्हा इतका वेळ लागला नव्हता. मग त्यांनी इस्पितळाच्याच चमच्यात पाणी घेतले, शके म्हटले, आषाढ म्हटला, रेवेचा उत्तर तीर म्हटला, या खेपेला तिथी आणि वार काकूंकडे पाहून म्हटले, आणि ते वाक्य कार्तिकीपर्यंत सोडले.

तेव्हापासून महाराजपूरच्या दत्तमंदिरात मोठी अडचण झाली आहे. काकांना कसे आहात म्हणून विचारले की ते व्रताला जागून खरे सांगतात, आणि पायाच्या अंगठ्यापासून सांगतात. लोक मागच्या दाराने येऊ लागले. तेव्हा विश्वस्तांनी हात जोडून तोडगा काढला, आणि आता फळ्यावर तिथी-वाराखाली त्याच सुंदर अक्षरात आणखी एक ओळ असते: 'प्रकृती: डावा गुडघा किंचित. चक्कर नाही.'

कुंदाकाकू रोज सकाळी देवदर्शनाला जातात. आधी तिथी वाचतात, मनातल्या मनात पडताळून पाहतात. मग खालची ओळ वाचतात. मग दत्तांना नमस्कार करून घरी येतात आणि एकाच पातेल्यात, दोघांच्या वरणात, चिमूटभर मीठ घालतात.